नागपुरातलं लेथ आणि दोन शतांश

नागपूरचं तिकीट काढलं त्याच खिडकीवर मी परतीचंही काढून घेतलं. मध्ये जेमतेम अडीच दिवस ठेवले. सांगलीजवळच्या आमच्या पंपाच्या कारखान्यासाठी नागपुरात एक आठ फुटी लेथ तयार होत होतं. ते तपासायचं, पसंतीच्या कागदावर सही करायची आणि निघायचं, एवढंच काम. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. महिना मे होता. "मे महिन्यात नागपूरला कोण जातं?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी पिशवीत टोपी कोंबत होतो.

खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावी मी असंच एक लेथ बघायला गेलो होतो. गाडी चुकेल या धास्तीनं चाचणी अर्ध्यावर आटोपली आणि सही ठोकून मोकळा झालो. त्या लेथवर कापलेल्या पंपाच्या दांड्या एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघाल्या. फरक नुसत्या डोळ्यांना दिसणारा नव्हता, पण पंपांच्या बेअरिंगांना तो बरोबर कळला. भर उन्हाळ्यात पंप जळाले आणि परत आले. आमचे मालक मला एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यांनी ते पंप माझ्या टेबलासमोर रचून ठेवायला सांगितलं, बस्स.

गाडीत मी एका जागी बसू शकलो नाही. दारात उभा राही, परत येई, पाणी पिई, घड्याळ बघे. भुसावळच्या पुढं वारा गरम झाला. अकोल्याला खिडकीची चौकट हाताला चटके देऊ लागली. शेजारच्या गृहस्थांनी न राहवून विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?" मी नाही म्हटलं. मग ते वर्ध्यापर्यंत काही बोलले नाहीत.

नागपूरला उतरलो तो सकाळचे साडेनऊ झाले होते आणि फलाटावर दुपार उजाडली होती. सीताबर्डीवरच्या लॉजमध्ये पिशवी टाकली. खाली टपरीवर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा जळजळीत पातळ रस्सा) उभ्यानंच खाल्ले आणि सायकलरिक्षा करून कामठी रोड गाठला.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड होती. मागच्या आवारात लोखंडाचे ओतीव सांगाडे गवतात पडले होते, गंजून तांबडे झालेले. मला वाटलं, भंगार असावं. तिथले मालक हसले. त्यांना सगळे भय्यासाहेब म्हणत. पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी वहाणा, बोलणं मोकळं.

"भंगार नाही हो! हे उद्याचे लेथ आहेत. ओतीव लोखंड ताजं असलं की त्याच्या अंगात ताण असतो. एक उन्हाळा, एक पावसाळा असं उघड्यावर पडू द्यायचं. मग ते शांत होतं. त्याच्याआधी हात लावला तर पुढं वाकडं होते."

माझ्यासारख्याला हे ऐकायला बरं वाटलं नाही. वर्षभर नुसतं पडून राहायचं, या कल्पनेनंच अंगावर काटा आला.

आमचं लेथ शेडच्या मधोमध उभं होतं, हिरवा रंग दिलेलं, देखणं. शेजारी पन्नाशीचे एक सडसडीत गृहस्थ अंगाला पंचा गुंडाळून उभे होते. भय्यासाहेबांनी ओळख करून दिली, "हे दौलतराव. याचा बेड यांच्या हातचा आहे."

बेड म्हणजे लेथचा पाया. त्याच्या लांबलचक रुळांवरून हत्यार पुढं-मागं सरकतं. रूळ सरळ, तर माल सरळ. यंत्रावर घासून ते कितीही साफ केले तरी शेवटचा हात माणसाचाच लागतो. एका अगदी सपाट पट्टीला निळा रंग पुसट लावायचा, पट्टी रुळावर फिरवायची. जिथं उंचवटा असेल तिथं निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका स्क्रेपर नावाच्या धारदार पट्टीनं खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा ठिपके, पुन्हा खरवडणं. असं शेकडो वेळा, सगळ्या रुळावर ठिपके सारखे पसरेपर्यंत.

"लगेच चाचणी घेऊ," मी म्हटलं.

दौलतराव म्हणाले, "आत्ता नका घेऊ साहेब. ऊन चढलं. पश्चिमेचा पत्रा तापला का बेड त्या अंगानं फुगते. पहाटे या."

मला हे ऐकून संशय आला. पूर्वी गाडीच्या घाईनं फसलो होतो, आता उन्हाच्या नावानं फसवतायत की काय? मी हट्टानं चाचणी लावली. एक पोलादी दांडी कापली आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावला. वीतभराहून थोड्या जास्त लांबीत मिलिमीटरचे सहा शतांश फरक. आमची मर्यादा होती दोन.

"सहा!" मी जवळजवळ ओरडलोच.

"बेडावरचा हात काढा अगोदर," दौलतराव शांतपणे म्हणाले. मी नकळत तळवा रुळावर टेकवून उभा होतो. त्यांनी तिथंच डायल (सुईचं मापक) लावून दाखवला. माझ्या हाताच्या उबेनं सुई हलत होती. मी ओशाळलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी कारखान्याच्या दारात होतो. पुन्हा दांडी कापली. साडेतीन शतांश.

भय्यासाहेब झोपेतून उठून आले होते. "पहा, फरक किती उतरला! बाकीचं तुमच्याकडे पाया भरताना जुळून जाते. सांगलीत असं ऊन थोडंच आहे?"

मी पेन काढलं. हे लिहायला लाज वाटते, पण काढलं. परतीची गाडी उद्या सकाळी होती, आणि दीड शतांश म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पाचवा भाग. पसंतीच्या कागदावर कारखान्याचा पत्ता लिहून झाला. एवढ्यात दौलतराव बोलले.

"सही नका करू साहेब. अर्धी चूक उन्हाची होती. अर्धी माही आहे."

भय्यासाहेब चमकले. "काहून दौलतराव? आजवर तुमचा बेड कधी परत आला का?"

"म्हणूनच म्हणतो. मले तीन दिवस द्या. पुन्हा काढतो."

भय्यासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी नाही म्हणेन, आणि मलाही तसंच वाटलं होतं. पण टेबलासमोर रचलेले ते पंप मला दिसले. पेन खिशात गेलं. मी स्टेशनवर जाऊन तिकीट रद्द केलं आणि सांगलीला मालकांना तार केली: लेथ तयार नाही, थांबतो. संध्याकाळी उलट तार आली: आहे तसे घेऊन निघा.

ती तार मी कोणाला दाखवली नाही.

त्याच संध्याकाळी दौलतराव मला घरी जेवायला घेऊन गेले. गोळीबार चौकाच्या मागं विणकरांची वस्ती होती. त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत जमिनीत एक चौकोनी खड्डा होता, वर फळ्या टाकलेल्या. हातमागावर बसायची ती जागा. माग सहा वर्षांपूर्वी मोडला, असं दौलतरावांनी सांगितलं. गिरणीच्या लुगड्यांपुढं हातमागाचं लुगडं खपेना. मग ते चाळिशी उलटल्यावर कारखान्यात झाडायला लागले आणि बघता बघता स्क्रेपर हातात आला.

"सुरुवातीले जमलं कसं?" मी विचारलं.

"हात तोच आहे ना. सुताले जोर लावला तर तुटते, लोखंडाले लावला तर खड्डा पडते."

त्यांच्या पत्नी यमुनाबाई ताट घेऊन आल्या. ठसठशीत कुंकू, बारीक अंगकाठी. माझ्या सदऱ्याकडं बघून त्या पटकन म्हणाल्या, "भाऊ, खांद्यापाशी एक धागा सुटला आहे तुमचा." मी बघितलं, मला दिसेना. त्यांनी बोट ठेवलं तेव्हा दिसला.

ताटात सावजी मटण (इथल्या विणकर घरांतलं, भाजलेल्या मसाल्याचं काळपट कालवण) आणि ज्वारीची भाकर. मी ऐटीत सांगितलं की आम्ही सांगली-कोल्हापूरचे, आम्हाला तिखट नवं नाही. तिसऱ्या घासाला कान बंद झाले. चौथ्याला डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"गूळ देऊ का भाऊ?" यमुनाबाईंनी हसू दाबत विचारलं.

"द्या," मी म्हटलं. सगळे हसले. नागपुरात आल्यापासून मी पहिल्यांदा घड्याळ विसरलो होतो, अर्धा तास तरी.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दौलतरावांनी लेथची सरकती अंगं उतरवून बेड मोकळा केला होता आणि शेडच्या एका कोपऱ्यात वाळ्याच्या ओल्या ताट्या लावून त्या आडोशाला काम सुरू केलं होतं. खर्र, खर्र. थांबायचं, रंग. पुन्हा खर्र. मी त्यांच्याभोवती घिरट्या घालत होतो. "किती राहिलं?" असं पाचव्यांदा विचारल्यावर ते न बघता म्हणाले, "साहेब, तुम्ही कन्हानले जाऊन या. तिकडे आपली ओतशाळा आहे. लोखंड कसं ओतते ते पहा."

मला हाकललं जातंय हे कळत होतं, तरी बरं वाटलं. एस.टी. पकडली. कामठी मागं पडलं, कन्हान नदीचा पूल आला. पात्रात वाळूच जास्त, मध्ये पाण्याची एक बारीक धार. ओतशाळेत लाल रस साच्यात उतरताना बघितला. तो साचा तीन दिवस उघडायचा नाही, असं तिथल्या मुकादमांनी सांगितलं. घाई केली तर आतलं लोखंड तडकतं. सगळं नागपूर जणू मला एकच गोष्ट ऐकवायला बसलं होतं.

दोनची एस.टी. आली नाही. पुढची चारला होती. थांब्याला नीट सावली होती, लोक मजेत पेंगत होते. मी थांबलो नाही. कामठीपर्यंत चालत जाऊ, तिथून काहीतरी मिळेल, असं म्हणून निघालो. टोपी लॉजवरच राहिली होती. पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा घाम येणं बंद झालं. रस्ता पाण्यासारखा हलायला लागला. पुलाच्या कठड्याला धरून मी खाली बसलो, एवढंच आठवतं. एका ट्रकवाल्यानं उचलून घेतलं. खिशात कारखान्याच्या पत्त्याचा तो कागद होता, म्हणून त्यानं तिथं आणून टाकलं.

डॉक्टर येऊन गेले. "ऊन लागलं," एवढंच म्हणाले आणि हलवू नका म्हणून सांगितलं. दौलतरावांनी त्या ओल्या ताट्यांच्या आडोशाला, बेडापासून पाच हातांवर, माझी खाट टाकली. सगळ्या शेडमध्ये तेवढीच जागा थंड होती. यमुनाबाईंनी तळपायांना कांद्याचा रस चोळला, चमच्या-चमच्यानं कैरीचं पन्हं पाजलं. रात्री दौलतराव तिथंच झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाग आली ती कुजबुजीनं. जेवणाची सुट्टी होती, कामगार बाहेर कडुनिंबाखाली बसले होते. डबा तसाच बाजूला पडला होता. यमुनाबाई बेडावर ओणव्या झाल्या होत्या, नाक जवळजवळ रुळाला लागलेलं.

"इथं दाट आहेत," त्या बोट न टेकवता दाखवत होत्या. "इथून चार बोटं विरळ. मंग पुन्हा दाट. हा एक लई गडद आहे, बसला आहे नुसता."

"किती विरळ वं?"

"पदराच्या बुट्ट्या राह्यतात ना, तेवढ्या."

दौलतरावांनी हातानं जागा चाचपली आणि स्क्रेपर चालवला. मग त्यांनी मान वळवली आणि मी जागा आहे हे त्यांना दिसलं. म्हणजे दिसलं की कळलं, कोण जाणे.

यमुनाबाईंनी पदर सावरला. मग दौलतराव खाटेपाशी येऊन बसले.

"मोतीबिंदू आहे साहेब. दोन्ही डोळ्यांत. बाकीचं दिसते थोडंफार. पण निळा रंगच आधी गेला. पट्टी फिरवतो आन मले सगळं लोखंड सारखंच दिसते. सहा महिने झाले. तुमचा बेड मी बोटानं काढला. वाटलं, बोटाले कळून जाईन. नाही कळलं."

"भय्यासाहेबांना?"

"त्याहीले नाही सांगितलं. बाकी सगळ्याहीले ठाऊक आहे."

"ऑपरेशन का नाही करून घेत?"

उत्तर यमुनाबाईंनी दिलं. "डोळा उघडला नाही तर? यायच्या भावाचा नाही उघडला."

मी खाटेवर उठून बसलो. डोकं गरगरत होतं. माझ्या मनात काय आलं ते सांगतो. आधी राग आला. ज्या माणसाला रंग दिसत नाही त्याच्या भरवशावर मी तिकीट रद्द केलं, मालकांची तार दडवली. मग आठवलं, की त्याच माणसानं माझं पेन थांबवलं होतं. त्या पहाटे ते गप्प राहिले असते तर कोणालाच काही कळलं नसतं.

"संध्याकाळपर्यंत होईल?" मी विचारलं.

"उद्या पहाटे," यमुनाबाई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी पहाटे मी भिंतीला धरत धरत उभा राहिलो. लेथ पुन्हा जोडायच्या आधी रुळांवर शेवटची पट्टी फिरवायची होती. दौलतरावांनी पट्टी उचलली आणि यमुनाबाई गुडघ्यांवर बसून कंदिलाच्या उजेडात ठिपके बघत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकू लागल्या. तेवढ्यात बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. भय्यासाहेब आज लवकर आले होते. माल आजच हलवायचा, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

ते ताटीपाशी येऊन थबकले.

"दौलतराव, हे का चाललं आहे?"

दौलतराव उठून सरळ उभे राहिले. "मले निळा दिसत नाही साहेब. ही पाहून राहिली."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांच्या डोळ्यांसमोर दिवाळीपासून बाहेर गेलेली सगळी लेथ आली असणार. "आन मला सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला? वीस लोकांचं पोट आहे या नावावर! बाई, उठा तुम्ही तिथून."

यमुनाबाई उठल्या नाहीत. "शेवटचं वीतभर राह्यलं आहे," त्या म्हणाल्या. "ते पाहून घेऊ द्या. मंग उठतो."

माझ्या स्वभावाला साजेल असं मी मध्ये पडलो. "भय्यासाहेब, भांडण नंतर करू. ऊन चढायच्या आत चाचणी घेऊ द्या. लेथ खराब निघालं तर मी न घेता जाईन, आणि का घेतलं नाही ते लिहून देईन. चांगलं निघालं तर तेही लिहीन."

ते बाजूला झाले.

लेथ जोडायला दोन तास लागले. ताट्यांवर सारखं पाणी मारलं. दांडी चढवली, हत्यार सरकू लागलं, चकचकीत काप पडत गेला. मी पहिलं टोक मोजलं. दुसऱ्यासाठी मायक्रोमीटर भय्यासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

"एक," ते म्हणाले. "एकसुद्धा नाही पुरा."

दौलतराव नुसते बायकोच्या दिशेनं बघत राहिले.

मी पसंतीचा कागद काढला. त्यात 'पृष्ठभाग तपासणी' अशी एक ओळ कारखान्याच्या माणसासाठी असते. मी यमुनाबाईंना विचारलं, "लिहिता येतं?"

"चौथी शिकली मी."

"मग इथं सही करा."

"तिथं कारखान्यातल्या माणसाची लागते," भय्यासाहेब हळूच म्हणाले.

"तुमच्याकडे दुसरं कोण आहे ज्यानं हे ठिपके बघितलेत?"

भय्यासाहेबांनी कागद बाईंपुढं सरकवला. यमुनाबाई नवऱ्याकडं बघत होत्या.

"कर वं सही," दौलतराव म्हणाले.

यमुनाबाईंनी बसून, एकेक अक्षर जोडत, पूर्ण नाव लिहिलं. बोटांचा निळा रंग कागदाला लागला. मग खाली मी सही केली.

ट्रक निघाला त्याच दुपारी मीही निघालो. भय्यासाहेब स्टेशनवर आले होते. फलाटावर ते म्हणाले, "दिवाळीपासून तीन लेथ गेले. तिन्हीकडं दौलतरावाला आन त्या बाईला घेऊन जातो. स्वतः तपासून येतो." मग म्हणाले, "राग आला होता मला. अजूनही आहे."

ते खरं बोलत होते, म्हणून मला ते आवडले.

सांगलीला पोचलो तेव्हा आमच्या मालकांनी एकच विचारलं, "तार मिळाली नव्हती?" मी म्हटलं, "मिळाली होती." त्यांनी कागद वाचला, मग लेथवर कापलेली, मी सोबत आणलेली ती दांडी खिडकीपाशी नेऊन मायक्रोमीटर लावला. परत येऊन मला म्हणाले, "बस जरा."

पाऊस संपता संपता एक पत्र आलं. अक्षर एकेक जोडलेलं होतं. दौलतरावांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोळा उघडला. निळा इतका निळा असतो हे ते विसरूनच गेले होते. तिन्ही लेथ तपासली. एक बरं होतं, दोन पुन्हा काढावी लागली. यमुनाबाई आता रोज कारखान्यात जातात, पण हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढं 'झाडलोट' असं लिहिलं आहे. त्याबद्दल त्या भय्यासाहेबांशी बोलणार आहेत. 'एकदा बोलली, पुन्हा बोलीन,' असं त्यांनी लिहिलं होतं.

प्रवासातून माणूस बदलून येतो असं म्हणतात. मी काही फार बदललो नाही. अजूनही एस.टी.च्या थांब्यावर मला बसवत नाही. पण नागपूरचे ते पाच दिवस मी उगाच घालवले असं कधी वाटलं नाही. तिथं दोन माणसं केसाच्या पाचव्या भागासाठी गुडघ्यांवर बसली होती, आणि त्यातल्या एकानं आपली चूक मी पकडायच्या आधी स्वतःच सांगितली होती. माझ्या हातून तसं कधी घडलं नव्हतं. पत्र वाचून झालं तसा मी उठलो, मालकांच्या खोलीत गेलो आणि मागच्या वर्षीची ती अर्धी चाचणी कशी केली होती, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांना सांगितलं.